कोकणातल्या घरांतले जुने कागद, फोटो, तिकिटं: वाचणं, ओळखणं आणि विकण्याआधीचा विचार

खाडीपलीकडे

नमस्कार मंडळी. राजापूर, देवगड, मालवण या पट्ट्यात संग्राहकांसाठी जुने कागद वाचून द्यायचं काम मी करते. कुणी मोडी कागदांचं बाड घेतलं की त्यात काय आहे, कधीचं आहे, खरं आहे का, हे शोधून लिहून द्यायचं. फोटो, लग्नपत्रिका, बोटीची तिकिटं, दुकानांच्या पावत्या, जाहिरातीची पत्रकं असं फुटकळ छापील साहित्यही असतं. अलीकडे घरवालेच फोन करतात. वाटण्या होतात, जुनं घर उतरवून होमस्टे बांधायचा ठरतो आणि माळ्यावरचा पेटारा खाली येतो. त्याच सुमारास दारात घेणारा माणूसही उभा राहतो.

एक गोष्ट आधीच ठासून सांगते. कागदावर काय लिहिलंय याला जेवढं मोल आहे, तेवढंच तो कुठल्या घरात, कुठल्या गाठोड्यात, कशाला लागून होता याला आहे. कागद पुढे शंभर वर्षांनीही वाचता येईल. पण गाठोडं एकदा सुटलं की त्याचा क्रम परत लावता येत नाही. म्हणून विकायचं असो, द्यायचं असो की घरात ठेवायचं असो, बाड फोडू नका.

हे नुसतं तत्त्व म्हणून सांगत नाही. देवगडजवळच्या एका घरातला रुमाल, म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं, गेल्या वर्षी पाहिला. विटक्या लाल कापडात आडवे दुमडलेले कागद होते. त्यातला एक उघडला तर घडीत शाई वाळवायला टाकलेली बारीक वाळू अजून अडकलेली. कागद हातबनावटीचा, घोटून गुळगुळीत केलेला. वर 'श्री', मग कागदभर एका हाताने ओढलेली शिरोरेषा आणि तिला लटकलेली अक्षरं. मोडी लिहिणारा आधी रेघ ओढतो आणि मग लिहीत सुटतो. शब्दांत मोकळी जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही, विरामचिन्हं नाहीत. शेवटी 'मोर्तब सूद'चा, म्हणजे पत्र इथे पुरं झालं असं सांगणारा शिक्का.

मजकूर माडांच्या वादाचा होता. तेवढाच कागद हाती आला असता तर 'पेशवेकालीन पत्र, विषय माड' असं लिहून मोकळी झाले असते. पण त्याच गाठीत त्याच जागेचा एक महजर, म्हणजे सभेसमोर झालेल्या निवाड्याचा कागद होता, आणि त्याखाली कंपनी सरकारच्या अमदानीतला, पाणचिन्ह (वॉटरमार्क) असलेल्या विलायती कागदावरचा तक्रारअर्ज. तिन्ही एकत्र वाचल्यावर कळलं की एकाच आगराच्या कडेच्या माडांसाठी दोन घरं पेशवाईपासून इंग्रजीपर्यंत भांडत आली होती, आणि दर पिढीने आधीच्या पिढीचा कागद पुरावा म्हणून जपला होता. हे तीन कागद तीन संग्राहकांकडे गेले असते तर यातलं काहीच उरलं नसतं.

आता तारखेबद्दल, कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच येतात. त्या पत्रावर होतं 'सु॥ सलास सबैन मया व अलफ, छ १५ रमजान'. 'सु॥' म्हणजे सुहूर सन, मराठी दप्तरांतली जुनी कालगणना; 'छ' म्हणजे चंद्र, चांद्र महिन्याची तारीख. आकडे अरबी शब्दांत लिहायचे, तेही उलट्या क्रमाने, म्हणजे आधी एकं, मग दहं, शतक, हजार. सलास ३, सबैन ७०, मया १००, अलफ १०००. झाले ११७३. सुहूरचं वर्ष मृगाला, सूर्य मृग नक्षत्रात शिरतो तेव्हा सुरू होतं. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. रमजान त्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी लागला होता, म्हणून ५९९. पत्र डिसेंबर १७७२ चं. थोरले माधवराव १८ नोव्हेंबरला गेले, त्यानंतर जेमतेम तीन आठवड्यांनी लिहिलेलं. पुण्यात एवढी उलथापालथ चालू असताना इकडे कोकणात माडांचा निवाडा मागितला जात होता. मला या कामात सर्वांत जास्त आनंद अशा जागी होतो.

शब्दांचा सराव करायचा असेल तर पानिपत लक्षात ठेवा: इहिदे सितैन मया व अलफ, ११६१. लढाई १४ जानेवारीची, म्हणजे मृगाच्या आधीची, म्हणून ६०० मिळवायचे. १७६१.

आपापल्या घरी काय आहे ते लिहा. फोटो टाकलेत तर वाचून सांगायचा प्रयत्न करेन.

सुरंगी_कुडाळ

ताई, बरा झाला तुमी ह्यो विषय काढलात. आमच्या माळ्यार आजोबांची पत्र्याची ट्रंक आसा. तेच्यात मोडीतले कागद, थोडे फोटो नि कसलीकसली तिकिटां आसत. मुंबयचो एक माणूस येवन गेलो. म्हणता, 'सगळा उचलून नेतंय, रोख पैसे देतंय, यादीबिदी कशाक?' भावाक पटला, माका नाय पटला. काय करूचा?

खाडीपलीकडे

@सुरंगी_कुडाळ, यादी नको म्हणणाऱ्याला बाड देऊ नका. एवढं एकच पाळलंत तरी पुष्कळ झालं.

ट्रंक उघडली की काही हलवायच्या आधी वरून फोटो काढा. मग एकेक थर काढताना पुन्हा फोटो. ज्या कापडात किंवा दोऱ्यात कागद बांधलेत ते फेकू नका, त्यावर शाईने गावाचं किंवा सालाचं नाव असू शकतं. प्रत्येक गाठोड्याला क्रमांक द्या आणि तो वेगळ्या चिठ्ठीवर मऊ पेन्सिलीने लिहून आत ठेवा, मूळ कागदावर काहीही लिहू नका. फोटो पाकिटात असतील तर पाकिटासकट ठेवा. आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला बसवून 'हा कोण, ही कोण' विचारून फोनवर आवाज रेकॉर्ड करा. हे काम आधी करा. मोडी वाचणारा पुढच्या वर्षीही मिळेल, पण फोटोतल्या माणसांना ओळखणारी म्हातारी माणसं घरोघर कमी होत चालली आहेत.

'सगळं उचलून' नेणाऱ्याकडे पुढे काय होतं तेही सांगते. पाकिटावरची तिकिटं कापून वेगळी विकली जातात. सावंतवाडी किंवा जंजिरा संस्थानच्या स्टँप पेपरचा वरचा छापील शिक्का कापला जातो, कारण संस्थानी मुद्रांक जमवणाऱ्याला तेवढाच हवा असतो. खालचं खरेदीखत रद्दीत जातं. असे अर्धवट कागद माझ्याकडे वाचायला आलेत. दस्ताचा शेवट आहे, पण कुणी कुणाला काय विकलं तो भागच नाही.

टपालवेडा

मी संग्राहक आहे, टपाल इतिहासाचा. एक बाजू मांडतो. वरच्या वर्णनातले लोक आहेत, नाकारत नाही. पण आमच्यासारख्यांनी पैसे मोजले नसते तर यातलं बहुतेक बंबात गेलं असतं. पनवेलला रद्दीच्या दुकानातून मी पोस्टकार्डांचा गठ्ठा उचललाय. गिरणीत कामाला असलेल्या माणसाने गुहागरकडच्या घरी पाठवलेली कार्डं. घरच्यांनीच किलोवर घातली होती.

आणि शहाणा टपालसंग्राहक तिकीट कधी कापत नाही. अख्खं कार्ड, त्यावर निघालेल्या आणि पोचलेल्या दोन्ही ठिकाणच्या टपालमोहरा, पत्ता, मजकूर हे सगळं मिळून त्याला किंमत येते. पावसाळ्यात बोटी बंद असत, तेव्हा मुंबईहून निघालेलं कार्ड कोकणात किती दिवसांनी पोचलं, हे दोन मोहरांतल्या अंतरावरून दिसतं. कापलेल्या तिकिटावरून काय कळणार?

@सुरंगी, काळ ठरवायला काही खुणा देतो. आपल्याकडे पोस्टकार्ड १ जुलै १८७९ ला सुरू झालं, किंमत पाव आणा. १९२२ मध्ये ती अर्धा आणा झाली. मोहोर पुसट असेल तर छापील तिकिटावरचा राजा बघायचा. राणी व्हिक्टोरिया १९०१ ला गेली, मग सातवा एडवर्ड १९१० पर्यंत, पाचवा जॉर्ज १९३६ पर्यंत, त्यानंतर सहावा जॉर्ज. मात्र जुना साठा संपेपर्यंत आधीच्या राजाची कार्डं चालत, म्हणून हे वर्ष 'याच्या आधीचं नाही' एवढंच सांगतं. 'नये पैसे' असेल तर १ एप्रिल १९५७ नंतरचं. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं.

कोकणाला आणखी एक सोय आहे. 'जि. कुलाबा' असेल तर १९८१ मध्ये रायगड नाव होण्याआधीचं. 'ता. मालवण, जि. रत्नागिरी' असेल तर १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा होण्याआधीचं. म्हातारी माणसं सवयीने जुना जिल्हा पुढेही लिहीत, पण छापील पत्रिका, पावत्या आणि शाळेच्या दाखल्यांना ही खूण बरोबर लागू पडते.

खाडीपलीकडे

@टपालवेडा, संग्राहकांशी माझं भांडण नाहीच, माझं घर त्यांच्याच कामावर चालतं. तुमच्या त्या गठ्ठ्याला कुणी विचारलं तर 'पनवेल, रद्दीचं दुकान, अमुक साली, एकाच गठ्ठ्यात' हे तुम्ही सांगू शकता. ते लिहून ठेवलंय का? संग्राहक गेल्यावर त्याच्या घरचे त्याचा संग्रह तसाच माळ्यावर टाकतात, आणि त्याच्या डोक्यातली माहिती त्याच्याबरोबर जाते.

टपालवेडा

वहीत लिहितो. गठ्ठ्याला एकच क्रमांक देतो, कार्डं एकत्रच ठेवतो. विकायची वेळ आली तरी फोडणार नाही, मुलालाही सांगून ठेवलंय.

काचनिगेटिव्ह

फोटोंबद्दल मी लिहितो. रत्नागिरीत जुने फोटो आणि काचेच्या निगेटिव्ह जमवतो, स्कॅन करून देतो.

कागदाला हात लावण्याआधी फोटो उजेडात तिरपा धरा. गडद भागात, विशेषतः कडांना, चंदेरी झाक दिसली तर तो जिलेटिनवरचा फोटो, म्हणजे ढोबळमानाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून पुढचा. त्याआधीचे अल्ब्युमिनचे, अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेले. तो कागद इतका पातळ असतो की जाड पुठ्ठ्यावर चिकटवल्याशिवाय सरळ राहत नाही. उजळ भाग पिवळसर, आणि भिंगातून पाहिलं तर कागदाचे तंतू दिसतात. पुठ्ठ्याचं माप घ्या. साधारण अडीच बाय चार इंच असेल तर तो भेटकार्डाच्या आकाराचा जुना प्रकार. सव्वाचार बाय साडेसहा असेल तर कॅबिनेट, तो १८६० च्या दशकाच्या मध्यानंतर आला आणि पुढे बराच काळ चालला.

पुठ्ठ्याच्या मागे स्टुडिओचं नाव, पत्ता, मिळालेली पदकं छापलेली असतात. सर्वांत अलीकडच्या पदकाचं वर्ष म्हणजे फोटो त्याच्या आधीचा नाही. फोटो पुठ्ठ्यावरून सोडवायचा प्रयत्न करू नका. मागे पेन्सिलीने मोडीत नाव लिहिलेलं असण्याची शक्यता बरीच असते आणि ते खोडरबराने 'साफ' करणारे लोक मी पाहिलेत.

आता रत्नागिरीचा खास विषय, थिबा राजा. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं, १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं, आणि डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच गेला. तीस वर्षं म्हणजे फोटो निघाले असणारच. त्यामुळे डोक्याला रुमाल गुंडाळलेला कुठलाही गंभीर चेहऱ्याचा माणूस बाजारात 'थिबा' म्हणून विकला जातो. मागे राजवाडा दिसत असेल तर तो १९१० मध्ये पुरा झाला, म्हणजे राजाचं वय पन्नाशीच्या पुढचं हवं, कारण जन्म १८५९ चा. तरुण चेहरा आणि मागे राजवाडा हे एकत्र असूच शकत नाही. १९१९ मध्ये कुटुंब ब्रह्मदेशी परतलं, त्यानंतरच्या फोटोत राणीही नको. एवढं पडताळलं तरी बरेच दावे गळून पडतात.

आणि एक विनंती. घरातला फोटो थिबाचा नसून तुमच्या पणजोबांच्या मित्राचा निघाला तर हिरमुसू नका. १८९० च्या आसपास लांज्याच्या माणसाने रत्नागिरीला येऊन, फेटा बांधून, खुर्चीवर हात ठेवून फोटो काढून घेतला, ही गोष्टही नोंदवण्यासारखीच आहे.

कुळवाडी

मी या विषयावर पहिल्यांदाच लिहितोय. इथे सगळे 'आमच्या घरातले कागद' म्हणतायत. आमच्या घरात कागद नाहीत. आम्ही कुळं. आमचे कागद खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या घरात.

माझ्या पणज्याचं नाव, तो कुठली जमीन कसत होता, किती खंड (जमिनीचं भाडं) घालत होता, कुठल्या साली त्याचा खंड थकला, हे सगळं खोताच्या दप्तरात लिहिलेलं आहे. खोती कायद्याने गेली १९४९ मध्ये, पण दप्तर त्यांच्याकडेच राहिलं. सरकारी फेरफार आणि सातबारा मिळतो, पण त्याआधीचं, आणि त्यातही वेठीचं, घरच्या कामाचं, देण्याघेण्याचं सगळं खोताच्या वह्यांत. आमच्या गावच्या खोतांच्या पुढच्या पिढीने ते दप्तर मध्यंतरी विकून टाकलं. विकायचा हक्क त्यांचा होता. पण त्यात सगळ्या वाडीची नावं होती. आता ते कुठे आहे, आम्हाला माहीत नाही.

१९३३ ला अलिबागकडे चरीचा संप सुरू झाला, नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी सहा वर्षं जमिनी कसल्या नाहीत. १९३७ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. त्या काळातली सभांची पत्रकं, पावत्या कुणी जपली असतील? ज्यांच्या घराला माळा होता, पेटारा होता, त्यांची कागदं टिकली. कुडाच्या घरात काय टिकणार? म्हणून त्या बाजूचा एकेक चिटोरा सापडला तरी तो लाखमोलाचा समजायला हवा, आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. सनदेला गिऱ्हाईक आहे, पत्रकाला नाही.

माझं म्हणणं एवढंच. खोताचं दप्तर विकायला निघालं तर आधी ते स्कॅन करून गावात एक प्रत ठेवा. वाचनालयात, ग्रामपंचायतीत, कुठेही.

खाडीपलीकडे

@कुळवाडी दादा, हे तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे आणि मी यापुढे काम घेताना तशी अट घालणार आहे: गावाच्या नावांची यादी असलेलं दप्तर असेल तर स्कॅनची एक प्रत गावात राहील, मग मूळ कुणाकडेही जावो. मला काम देणाऱ्या संग्राहकांना यात तोटा नाही, उलट मूळ कागदाची ओळख पक्की होते.

दप्तर परत शोधायचं असेल तर गावाचं नाव आणि खोतांचं आडनाव मला व्यक्तिगत निरोपाने कळवा, इथे लिहू नका. ज्यांच्याकडे असे रुमाल येतात त्यांना विचारून बघते. दरम्यान १८८० च्या खोती कायद्याच्या सुमाराची सरकारी पाहणीचे आणि जमिनीच्या फाळणीचे (वाटणीचे) कागद जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात बघता येतील. गावाची जुनी माहिती हवी असेल तर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी आणि सावंतवाडीचा खंड १८८० चा आहे, कुलाबा आणि जंजिऱ्याचा १८८३ चा. त्यात खोती पद्धतीवर सविस्तर लिहिलेलं आहे. लिहिणारे इंग्रज अधिकारी होते हे ध्यानात ठेवून वाचायचं.

टपालवेडा

@कुळवाडी, पत्रकांना गिऱ्हाईक नाही हे खरं आहे, आणि ते बदलायला हवं. मी टपालाबाहेर जात नाही, पण माझ्याकडे गठ्ठ्यांतून कधी सभेची हँडबिलं, सहकारी सोसायटीच्या पावत्या येतात. त्यांचे फोटो काढून तुम्हाला पाठवतो. अलिबागकडचं काही निघालं तर मूळ कागदच देईन.

देवरूखचा_मास्तर

मोडी शिकवणारा म्हणून एक इशारा. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, त्यासाठी शिंदे समितीही नेमली गेली, आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. त्याचबरोबर बनावट कागदही आले. मानपानाच्या वादातही तेच. शिमग्याला पालखी आधी कुणाच्या दारात, देवाला गाऱ्हाणं कुणी घालायचं, यावर आजही गावं कोर्टात आहेत आणि दोन्हीकडून मोडी कागद पुढे येतात.

बनावट ओळखायला काही साध्या गोष्टी. चहाच्या पाण्यात बुडवलेला कागद सगळीकडे सारखा तपकिरी होतो, घडीच्या आतही. खरा जुना कागद कडांना आणि बाहेरच्या घडीवर जास्त काळवंडतो, आत उजळ राहतो. बोरूने लिहिलेल्या अक्षरात जाड-बारीक फरक येतो, तो जेलपेनाने साधत नाही. आपली जुनी शाई काजळाची, ती उडत नाही, पण पाणी लागलं की पसरते. म्हणून तपासायला ओलं बोट लावू नका, खरा कागद असेल तर तुम्हीच तो बिघडवाल. कागदात पाणचिन्ह असेल तर उजेडासमोर धरून वर्ष वाचा. मजकुरावर १७९० लिहिलेलं आणि पाणचिन्हात १८३० असेल तर पुढे वाचायची गरजच नाही, फार तर ती नंतर केलेली नक्कल असेल. शेवटी भाषा. पेशवाईतल्या पत्रात आजच्या सरकारी पत्रासारखं 'सदर बाबतीत आपणास कळविण्यात येते' असं आलं तर तिथेच थांबा.

आणि वाचनाच्या मोबदल्यात निकालाची खात्री कुणी मागितली तर काम सोडा. कागदात जे आहे तेच वाचायचं.

वाशिष्ठीकाठ

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये आमच्या खालच्या खोलीत छातीइतकं पाणी होतं. कपाटातलं सगळं भिजलं. तेव्हा जे कळलं ते सांगते, कारण कोकणात ही वेळ कुणावरही येऊ शकते.

भिजलेल्या कागदाला दोन दिवसांत बुरशी धरायला लागते. एकमेकांना चिकटलेली पानं ओढून सुटी करू नका. वेळ नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून फ्रीजरमध्ये टाका, बर्फात बुरशी थांबते आणि नंतर थोडे थोडे काढून वाळवता येतात. उन्हात घालू नका, पंख्याखाली सावलीत, मध्ये कोरा टिपकागद किंवा साधा पांढरा कागद घालून वाळवा. फोटो एकमेकांना चिकटले असतील तर ते तसेच ओले ठेवून जाणकाराकडे न्या, वाळले की सुटत नाहीत.

लॅमिनेशन कधीच करू नका. आमच्या शेजाऱ्यांनी सनद लॅमिनेट केली होती, 'आता शंभर वर्षं काही होत नाही' म्हणून. आत ओल राहिली, डाग पसरले, आता ती उघडताही येत नाही. चिकटपट्टीचंही तेच, तिचा डिंक पिवळा पडून कागद खातो. सुती कापड, मध्ये वेखंड, जमिनीपासून उंच आणि भिंतीला न टेकलेलं कपाट. वाळवी भिंतीतूनच येते. पावसाळा संपला की दसऱ्याच्या सुमाराला एकदा सगळं उघडून हवा द्या.

कायदेकानून

विक्रीबद्दल थोडक्यात. १९७२ चा पुरावशेष कायदा १९७६ पासून लागू आहे. ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा शास्त्रीय मोलाचं हस्तलिखित, दस्त ७५ वर्षं जुना असेल तर तो पुरावशेष ठरतो, इतर वस्तूंना १०० वर्षं. असा कागद खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, कुरिअरनेही नाही. धंदा म्हणून खरेदीविक्री करायला परवाना लागतो. चित्रं असलेली पोथी असेल तर नोंदणीचीही चौकशी करा. घरातला कागद घरच्याने देशातल्या देशात विकायला बंदी नाही, पण पावती घ्या आणि पावतीला यादी जोडा. कागदावर सरकारी कचेरीचा शिक्का आणि आवक क्रमांक असेल, आणि तो तुमच्या घराला दिलेला नसून कचेरीच्या दप्तरातला मूळ कागद असेल, तर त्याला हात लावू नका. ट्रंक सामाईक मालकीची असेल तर सगळ्या भावंडांची लेखी संमती हवीच.

सुरंगी_कुडाळ

सगळ्यांचे आभार. भावाक वाचून दाखवलंय, आता तोय थांबलो. काल मोठ्या काकीक बसवन फोटो दाखवले. तिना सगळी माणसां ओळखली, आणि एका फोटोतल्या बाईचा नाव सांगितल्यान तां आमका कोणाकच ठावक नव्हता, आजोबांची धाकटी भयण. सगळा रेकॉर्ड केलंय. मोडी कागद उघडूक नाय, तसेच ठेवलंय. पुण्याक नाय तर मुंबैक देवचे झाले तर खय?

खाडीपलीकडे

@सुरंगी, काकींचं रेकॉर्डिंग ऐकून फार बरं वाटलं. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० पासूनचं. घराण्यांची दप्तरं त्यांच्याकडे आलेली आहेत आणि अभ्यासक तिथे जातात. सरकारी पुराभिलेखागारं पुण्यात आणि मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहेत. कोकणात ठेवायचं असेल तर रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं आहे, त्यांना विचारून बघा. कुठेही दिलंत तरी 'अमुक घराणं, अमुक गाव' या नावाने एकत्र ठेवतील का, हे लेखी विचारा, आणि स्कॅन आपल्याकडे ठेवा.

हर्णैबंदर

उशिरा आलो. माझ्याकडे रामदास बोटीचं तिकीट आहे, असं घरात सांगतात. आजीच्या पिशवीत मिळालं. एकाने चांगली मोठी रक्कम सांगितली आहे. खरं असेल का?

खाडीपलीकडे

@हर्णैबंदर, रामदास १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेवर माणसं गेली. त्या दिवसाचं तिकीट पिशवीत राहायला ती व्यक्ती एक तर वाचलेली हवी, नाही तर तिकीट काढून न चढलेली. दोन्ही शक्य आहे, पण घरात तशी आठवण असायलाच हवी, एवढी मोठी गोष्ट कुणी विसरत नाही. आजी कुठल्या बंदरात उतरत असत? हर्णैला जाणाऱ्या माणसाकडे रेवसचं तिकीट का असेल, याचं उत्तर आधी शोधा. मग तिकिटावर कंपनीचं नाव, 'पासून' आणि 'पर्यंत'ची बंदरं, दर आणे-पैत आहे का, तारीख छापलेली आहे की शिक्क्याची, हे बघा. बोटीचं नाव मुळात तिकिटावर आहे का? रक्कम सांगणाऱ्याला अजून काही कळवू नका.

हर्णैबंदर

आजी हर्णैलाच उतरायच्या. बोटीचं नाव नाही. 'मुंबई' वाचता येतं, दुसरं बंदर फाटलंय, शेवटचं अक्षर 'ळ' वाटतं. मागे पेन्सिलीने काही आकडे आहेत.

काचनिगेटिव्ह

'ळ' असेल तर दाभोळ असू शकतं, हर्णैच्या पुढचं बंदर. आकड्यांचा फोटो सरळ काढू नका. खोलीत अंधार करून टॉर्च अगदी बाजूने, कागदाला समांतर धरा, म्हणजे पेन्सिलीचा दाब सावलीत उठून दिसतो. दोन बाजूंनी दोन फोटो काढून इथे टाका. फाटलेली कडही नीट दिसू दे.